वेरुळचा सारीपाट

इंग्रजी विनोदी वाङ्मयात पी. जी. वुडहाउस याने १९२२ आणि १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या दोन संग्रहांत गोल्फ आणि प्रणय यांची सांगड घालून ज्या कथा लिहिल्या, त्यांचा निवेदक क्लबाच्या गच्चीवर बसून असणारा एक वयोवृद्ध सभासद आहे. खेळात किंवा प्रेमात हार खाल्लेला एखादा तरुण त्याच्या दृष्टीस पडला की त्याला समोर बसवून हा वृद्ध एखादी जुनी हकिकत सांगू लागतो, आणि तिच्यात प्रियकराची खरी पारख, चेंडू भलतीकडे गेला असता त्याची मुद्रा कशी राहते, यावरून होत असते. खेळ अत्यंत गंभीर, प्रेम त्याहून गंभीर, आणि दोहोंच्या गांभीर्यातूनच हास्य निर्माण व्हावे, हा या कथांचा विशेष. आपल्या मराठी वाचकाला हा प्रकार विलायती मैदानांतच जन्मला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डावात हरलेला पती, जिंकूनही रुसलेली पत्नी आणि त्या दोघांच्या पायाशी चाललेला हास्यकल्लोळ, एवढी सगळी सामग्री असलेली एक कथा छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे तीस किलोमीटरांवर, वेरुळच्या डोंगरात, चौदा शतकांपूर्वीच कोरून ठेवलेली आहे. आणि तिच्या शेजारीपाजारी, पैठणपासून देवगिरीपर्यंतच्या मुलखात, याच जातीच्या कथांची आणि चालीरीतींची एवढी दाट वस्ती आहे की तिचा इतिहास एकदा सलग सांगणे आवश्यक वाटते.

वेरुळच्या क्रमांक दिलेल्या चौतीस लेण्यांपैकी तेरा ते एकोणतीस ही ब्राह्मणी लेणी होत. त्यांत चौदावे, जे लोकांत ‘रावण की खाई’ या नावाने ओळखले जाते, एकविसावे, म्हणजे रामेश्वर, आणि एकोणतिसावे, म्हणजे वेळगंगेच्या धबधब्याजवळचे धुमार लेणे, या तिन्ही ठिकाणी शिवपार्वतींच्या अक्षक्रीडेचे भव्य पट आहेत. रामेश्वर आणि धुमार लेणे ही सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतरच्या काही दशकांत, कलचुरींच्या अमलात खोदली गेली असावीत, असे अभ्यासक मानतात. राष्ट्रकूट कृष्णराजाचे कैलास त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी आले. मुंबईजवळच्या घारापुरीलाही हा विषय कोरलेला आहे. म्हणजे एखाद्या लहरी कारागिराने एकदा केलेली ही चेष्टा नव्हे. पश्चिम दख्खनच्या शैव शिल्पपरंपरेने हा विषय पुनःपुन्हा, मोठ्या जागा देऊन, रावणानुग्रह आणि अंधकासुरवध यांसारख्या उग्र प्रसंगांच्या पंक्तीला बसवला.

या पटांची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. वरच्या भागात शिव आणि पार्वती द्यूताला बसलेली असतात. मागे परिचारक आणि सख्या उभ्या असतात, आणि चौदाव्या लेण्यात तर अस्थिपंजर शिवगण भृंगी दोघांच्या मधून डावाकडे टक लावून पाहतो आहे. देवाचा देह विशाल, प्रभावळ अबाधित, जटामुकुट जागच्या जागी. पण बसण्याची ढब एखाद्या संसारी गृहस्थाची. पार्वती कुठे मान फिरवून बसली आहे, कुठे उठून जाण्याच्या बेतात आहे, आणि तिने जाऊ नये, आणखी एक डाव खेळावा, म्हणून महादेव तिला आर्जवाने अडवीत आहे. या आर्जवात दीनता नाही आणि त्या रुसव्यात कडवटपणा नाही. ज्या हाताने त्रिशूळ अंधकाच्या छातीत रोवला, तो हात याच लेण्यांतून इतका हळुवार होऊ शकतो, हे ज्या पाथरवटाने दाखवले, त्याने मानवी संसार डोळे भरून पाहिला असला पाहिजे.

खरी गंमत मात्र खालच्या पट्टीत आहे. तेथे नंदी बसलेला आहे आणि त्याच्याभोवती बुटके, पोटाळे, पोरवयाचे गण जमले आहेत. कोणी त्याला डिवचतो आहे, कोणी त्याच्या शेपटीशी झोंबतो आहे, कोणी नुसताच उड्या मारतो आहे. अनेक अभ्यासकांनी याचा जो अर्थ लावला आहे तो मला पटतो: महादेवाने नंदीलाच पणाला लावले आणि तो डाव गमावला, आता हा बैल पार्वतीच्या मालकीचा झाला आणि तिच्या पक्षाचे गण त्याचा ताबा घेण्यास आले आहेत. वर हरल्याची आणि जिंकल्याची नाजूक वाटाघाट चालली असता खाली त्या निकालाची अंमलबजावणी सुरूही झाली. मूर्तीचे गांभीर्य वर, प्रहसन खाली, आणि दोहोंमध्ये दगडाची एक आडवी रेघ. विनोदाने देवत्वाला धक्का लागू नये आणि देवत्वाने विनोदाचा गळा दाबू नये, याची याहून सुंदर तजवीज मी अन्यत्र पाहिलेली नाही. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन या विद्वानांनी १९९७ साली शिवाच्या द्यूतावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि त्यात वेरुळच्या या पटांना मानाचे स्थान दिले, ते उगाच नव्हे.

आता या पटांमागची कथा. ती स्कंदपुराणाच्या केदारखंडात विस्ताराने येते. नारद कैलासावर येतो आणि त्याच्याच प्रोत्साहनाने पतिपत्नी द्यूताला बसतात. डाव रंगतो, पण उलटतो, आणि पार्वती एकामागून एक सर्वस्व जिंकत जाते: अलंकार गेले, मस्तकावरची चंद्रकोर गेली, अखेरीस कौपीनही गेले. भृंगी मध्ये तोंड घालून स्वामींची बाजू घेतो आणि देवीच्या कोपाला पात्र होतो. हरलेला महादेव रागावून एकटाच वनात निघून जातो. इथपर्यंत कथा जिंकणाऱ्या स्त्रीची आहे. पण सगळे जिंकल्यावर ज्याच्याबरोबर खेळायचे तोच निघून गेला, हे पार्वतीच्या ध्यानात येते, आणि ती शबरीचे, म्हणजे रानातल्या भिल्लिणीचे, रूप घेऊन त्याच्या शोधार्थ निघते. समाधीतून जागा झालेला योगिराज त्या रानकन्येला ओळखत नाही आणि तिच्यावर मोहित होऊन तिला मागणी घालतो. तेव्हा, जिने तप करून तुम्हाला मिळवले त्या पत्नीला टाकून आलात ना, अशी आठवण ती त्याला करून देते. आपल्याच पत्नीच्या प्रेमात, तिला न ओळखता, दुसऱ्यांदा पडणारा पती हा जगातील विनोदी प्रणयकथेचा चिरंतन नायक होय, आणि तो येथे साक्षात् कैलासपती आहे.

ही कथा संस्कृत पोथ्यांतच अडकून राहिली असती तर तिला लोककथा म्हणता आले नसते. परंतु श्रीधरस्वामी नाझरेकरांनी शके १६४०, म्हणजे १७१८ साली, बारामतीस पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’च्या चौदाव्या अध्यायात ती ओवीबद्ध केली, आणि त्या पोथीबरोबर ती महाराष्ट्राच्या घराघरांत, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला, निरांजनाच्या उजेडात वाचली जाऊ लागली. ज्या आजींना लेणी पाहण्याचा योग कधी आला नाही, त्यांना वेरुळच्या पटातला प्रसंग तोंडपाठ होता.

द्यूत म्हटले की आपल्या मनात प्रथम उभी राहते ती कौरवसभा. त्यानंतर नळराजा, ज्याने पुष्कराशी खेळताना राज्य गमावले आणि विदर्भकन्या दमयंतीला अर्ध्या रात्री रानात टाकून दिले. आपल्या मराठवाड्याच्या जवळच्या इतिहासातही याचे एक विलक्षण उदाहरण आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर स्वामी हे पूर्वाश्रमी गुजरातेतील प्रधानपुत्र हरपाळदेव असताना द्यूतात हरले. देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागितले, तिने ते दिले नाहीत, आणि त्या नकाराने त्यांचे मन संसारातून उठले, असे ‘लीळाचरित्र’ सांगते. तेच चक्रधर पुढे पैठणास राहिले, वेरुळासही त्यांचा दीर्घ मुक्काम झाला. हरलेल्या पतीला पत्नीने नकार दिला आणि एक महापंथ उदयास आला. हरलेल्या पतीला पत्नीने रानात जाऊन शोधले आणि एक हास्यकथा उदयास आली. दोन्ही गोष्टी याच भूमीने जपल्या. वेरुळच्या शिल्पकाराचे मोठेपण मला येथे दिसते, की ज्या खेळाने भारतवर्षाची सर्वांत मोठी शोककथा घडवली, त्याच खेळातून त्याने दांपत्याचे सर्वांत प्रसन्न चित्र काढले. फरक फाशांत नाही. समोर कोण बसले आहे आणि हरणाऱ्याच्या मनात काय आहे, यात आहे. सभेत हरणारा धर्मराज पत्नीला पणाला लावतो. वेरुळला पत्नीशीच खेळणारा महादेव स्वतःचे सगळे तिच्या स्वाधीन करतो, आणि नंतरही तिला म्हणतो की बैस, अजून एक डाव होऊ दे.

वेरुळच्या दक्षिणेस गोदातीरी पैठण आहे. सातवाहनांची ही राजधानी प्रणय आणि विनोद यांच्या मिश्रणाचे आद्यपीठ म्हणावी अशी आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तील महाराष्ट्री प्राकृत गाथा म्हणजे दोन ओळींच्या कथाच होत, सासू, दीर, पाटलाची सून, वाटसरू, शेत राखणारी पोर, यांच्या चोरट्या दृष्टिक्षेपांचे आणि हजरजबाबी उत्तरांचे ते भांडार आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्याची मराठी आवृत्ती सिद्ध करून महाराष्ट्राला त्याचा हा ठेवा परत मिळवून दिला. या ग्रंथाबद्दल लिहू लागलो तर विषयांतर होईल, पण आमच्या महाविद्यालयांतून तो मोकळेपणी शिकवला जात नाही याची खंत बोलून दाखवल्यावाचून राहवत नाही.

पैठणच्याच दरबाराशी गुणाढ्याची कथा निगडित आहे, आणि तिचा आरंभ पुन्हा त्याच दांपत्यापासून होतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त सांगितले आहे की, कोणी कधी ऐकली नसेल अशी कथा सांगा, असा हट्ट पार्वतीने धरला, महादेवाने ती एकांतात सांगितली, एका गणाने ती चोरून ऐकली आणि शापाच्या परंपरेने दुसरा गण पृथ्वीवर गुणाढ्य होऊन जन्मला. हा गुणाढ्य सातवाहन राजाचा मंत्री होता. राजा एकदा राण्यांसह जलक्रीडा करीत असता, पाण्याच्या माऱ्याने बेजार झालेली एक राणी संस्कृतात म्हणाली, की मला पाण्याने मारू नका. राजाला ‘मा उदकैः’ हा संधी फोडता आला नाही, त्याच्या कानी ‘मोदकैः’ एवढेच पडले, आणि त्याने तत्काळ मोदकांची ताटे आणवली. राणी खळखळून हसली; परिवार हसला; राजा लाजेने शय्येला खिळला. मग त्याला व्याकरण किती काळात शिकवता येईल यावर पैज लागली. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षे, शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. आणि शर्ववर्म्याने ‘कातंत्र’ व्याकरणाच्या बळावर पैज जिंकताच गुणाढ्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करावा लागला. तो विंध्यारण्यात गेला, पैशाची शिकला आणि त्या भाषेत त्याने ‘बृहत्कथा’ लिहिली. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. तथापि भारतीय कथावाङ्मयाच्या सर्वांत मोठ्या प्रवाहाचा उगम एका खेळातल्या, एका पतिपत्नीमधल्या आणि एका हास्यामधल्या प्रसंगाशी जोडला जावा, आणि तो प्रसंग पैठणच्या राजाचा असावा, ही गोष्ट या परिसराच्या अभिमानाची आहे. वेरुळच्या महादेवाप्रमाणे हा सातवाहनही पत्नीपुढे हरला. त्या हारेतून तो शिकला, हे त्याचे राजेपण.

या सर्व कथांचा आचाराशी संबंध होता, हे आज विस्मृत झाले आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, जिला आपण दिवाळीचा पाडवा म्हणतो, धर्मनिबंधांत ‘द्यूतप्रतिपदा’ असे नाव आहे. आणि ब्रह्मपुराणाचा हवाला देऊन सांगितले जाते की या दिवशी द्यूतात पार्वतीने शंकराला जिंकले, म्हणून शंकर खिन्न झाला आणि गौरी सुखी राहिली. अशा निबंधग्रंथांची मोठी परंपरा याच परिसराशी निगडित आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री येथलाच, आणि १६१२ साली काशीत ‘निर्णयसिंधू’ लिहिणाऱ्या कमलाकरभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. आज महाराष्ट्रात पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि तो तिच्या तबकात ओवाळणी घालतो. या रिवाजाचा उगम त्या डावात आहे असे सिद्ध करणारा कागद कोणापाशी नाही, परंतु त्या एकाच तिथीला पुराणातला पती सर्वस्व हरतो आणि घरातला पती हात सैल सोडतो, या साम्याकडे मी डोळेझाक करू शकत नाही.

कोजागरीच्या रात्री जागरणासाठी फासे खेळावेत असाही शास्त्रसंकेत आहे, आणि जुन्या वाड्यांत त्या रात्री सारीपाट निघत असे. कापडाचा चार फाट्यांचा तो पट, प्रत्येक फाट्यावर तीन रांगांनी चोवीस घरे, चार रंगांच्या मिळून सोळा सोंगट्या आणि हस्तिदंती किंवा हाडाचे लांबट फासे. सोंगटी मारली गेली की पुन्हा मूळपदावरून आरंभ. वरवर नशिबाचा दिसणारा हा खेळ जोडीदाराच्या धोरणावर फार अवलंबून असतो. लग्नघरांत नवरानवरीला समोरासमोर बसवून सुपारी मुठीतून सोडवणे, हळदीच्या पाण्यातून अंगठी शोधणे, एकमेकांचे विडे दातांनी तोडणे, हे जे खेळ खेळवीत, त्यांचाही हेतू हाच होता. कालपरवापर्यंत अपरिचित असलेल्या त्या दोघांना सर्वांदेखत एकमेकांकडून हरण्याची आणि हसण्याची सवय व्हावी. आता विवाहाचे कार्यालय सहा तासांच्या कराराने मिळते. त्यात या खेळांना अवसर उरत नाही. ही हानी मला लहान वाटत नाही.

याच वेरुळच्या पाटीलघराण्यातली एक हकिकत येथे सांगितलीच पाहिजे. बखरकार सांगतात की वेरुळचे मालोजीराजे भोसले रंगपंचमीच्या सणाला सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांकडे गेले असता, बाळ शहाजी आणि बाळ जिजाऊ एकमेकांवर रंग उडवू लागली. ते पाहून कौतुकाने लखुजीरावांच्या तोंडून गेले, की जोडा किती शोभतो. मालोजीराजे तत्काळ उभे राहिले आणि भरल्या मजलशीला साक्ष ठेवून म्हणाले, की जाधवराव आजपासून आमचे व्याही झाले. थट्टेचा असा करार होताच जाधवांच्या घरात मोठा क्षोभ उसळला, कारण शिलेदारीवर असलेल्या भोसल्यांची त्यांच्या मनसबीशी बरोबरी नव्हती. मामला निजामशाहापर्यंत गेला, मालोजींना मनसब आणि जहागीर मिळाली आणि विवाह पार पडला. आधुनिक इतिहासकार बखरीचा तपशील जसाच्या तसा स्वीकारत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु मराठ्यांच्या स्मृतीने आपल्या राज्यसंस्थापकाच्या मातापित्यांचा विवाह मुलांच्या खेळातून आणि एका हलक्याफुलक्या शब्दातून झाला असेच जपून ठेवावे, हे त्या स्मृतीच्या स्वभावाचे द्योतक आहे. मालोजीराजांची गढी वेरुळला आहे. लेणी तिथून हाकेच्या अंतरावर.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेने वेरुळची व्यवस्थित चित्रे काढली जाऊ लागली, आणि त्या कामात गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार होता. पुढे १८८३ साली जेम्स बर्जेसच्या अहवालात हे द्यूतपट लेणीवार नोंदले गेले. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन झाल्यावर गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची निगा राखली गेली, आणि १९८३ साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एवढे सगळे होऊनही आज येणारा प्रवासी कैलास पाहून, दहाव्या लेण्यात एक आवाज घुमवून, परत गाडीत बसतो. मार्गदर्शकही अक्षक्रीडेच्या पटापाशी ‘शंकर-पार्वती चौपट खेळताना’ एवढे बोलून पुढे सरकतात, आणि खालच्या पट्टीतला नंदी कोणी दाखवीत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी आणि नव्या जोडप्यांनी तरी कैलासानंतर उत्तरेकडे चालत जावे. एकविसाव्या लेण्याच्या दारातली गंगा पाहून आत शिरावे, तिथून वेळगंगेच्या बाजूने एकोणतिसाव्याला पोहोचावे, आणि पटासमोर उभे राहिल्यावर नजर आधी वर, मग खाली न्यावी. नंदीला हात लावू नये. गणांनी त्याला पुरेसा त्रास दिला आहे, आणि शतकानुशतकांच्या स्पर्शाने दगड झिजतो. सकाळी लवकर निघावे, दिवस हाताशी ठेवावा. मंगळवारी लेणी बंद असतात.